आपल्या बोलीवर कोण हसतंय?

पुण्याला ॲडमिशन घेतलेला तुमच्या ग्रुपमधला मित्र दिवाळीला वसमतला येतो तेव्हा कसा बोलतो, आठवा. 'काय करायलास' म्हणणारा गडी आता 'काय करतोयस' म्हणतो. विचारलं तर सांगतो, होस्टेलवर पोरं हसतात. ही पोरं आपल्या बोलीवर हसायला शिकली कुठं? थोडंफार सिनेमातूनच. गावाकडचं बोलणं पडद्यावर वर्षानुवर्षं आलं ते बहुतेक घरगड्याच्या, हवालदाराच्या नाहीतर शहरात येऊन गोंधळलेल्या पाहुण्याच्या तोंडी. त्यानं तोंड उघडलं की थिएटर हसायचं. वेगळा विनोद लिहायची गरजच नव्हती.

मकरंद अनासपुरेंनी हे उलटं केलं. मराठवाड्याची बोली त्यांनी थेट हिरोच्या तोंडी आणली आणि हसू फिरवलं समोरच्या साहेबावर. २००५ चा 'कायद्याचं बोला' घ्या. त्यात ते वकील आहेत. आता नाव जरा तोडून वाचा: काय द्याचं, बोला! अख्ख्या यंत्रणेला तीन शब्दांत टोमणा. आणि हा टोमणा जमतो तो आपण 'द्यायचं' न म्हणता 'द्याचं' म्हणतो म्हणून. पुस्तकी मराठीत हा विनोद होतच नाही! मोंढ्यात हळदीचा भाव पडल्यावर शेतकरी जे तिरकं बोलतो, त्याच जातकुळीतलं हे.

'जाऊ तिथे खाऊ'मध्ये तर कमालच आहे. विहीर कागदावर खोदली जाते, पैसे उचलले जातात, शेतात मात्र खड्डासुद्धा नाही. मग तक्रार काय द्यायची? विहीर चोरीला गेली! एका विहिरीसाठी पंचायत समितीच्या चकरा मारणारा काका-मामा तुमच्याही घरात असेल. त्याला हा सीन समजावून सांगावा लागत नाही. आजही कुठं फक्त कागदावरची विहीर सापडली की बातमीत या सिनेमाचं नाव हमखास येतं. भ्रष्टाचारावरची किती भाषणं तुमच्या लक्षात आहेत?

पुढं याचाही फॉर्म्युला झाला, हे खरं. सरपंच, धोतर, आरडाओरडा की झाली कॉमेडी. रील्सवर तर तो जुना घरगडीच परत आलाय, आणि कधीकधी तो आपणच करतोय, व्ह्यूजसाठी.

बोलीवर हसण्यापासून माणसाच्या जातीवर हसण्यापर्यंतचं अंतर फार नसतं. नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त (२०१३) ते दाखवलं. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याचं कुटुंब गावासमोर डुक्कर पकडतंय. अगदी हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे ताठ उभे, आणि डुक्कर आरामात निघून जातं. इथं हसू येतंच, थांबवता येत नाही. पण जरा वेळानं लक्षात येतं की पडद्यावरचे बघेसुद्धा हसतायत. जब्याला, त्याच्या बापाला, त्याच्या बहिणीला. जिच्यासाठी जब्या झुरतो ती शालूसुद्धा तिथंच आहे. आपलं हसणं आणि त्यांचं हसणं वेगळं काढता येत नाही. मग जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड येतो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या तुमच्या-माझ्यावर. पडदा काळा होतो आणि सिनेमा संपतो.