ऑर्गनवादकांची संस्था

मुलांनो, पेटी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. जुन्या संगीत नाटकांत साथीला असणारा ऑर्गनही कोणी पाहिला असेल. त्यात पेटीप्रमाणेच धातूच्या पातळ पात्या कंप पावून सूर निघतो. युरोपातील मोठ्या चर्चमधला ऑर्गन मात्र निराळा. त्याला शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. एखादी नळी ३२ फूट लांब, तर एखादी पेन्सिलीहूनही आखूड! भात्यातील वारा नळीत शिरला की ती बोलू लागते. पूर्वी हा भाता हलविण्यासाठी माणसे राबत. आता ते काम बहुधा विजेवर चालते. वादकापुढे पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा असतात आणि पायांखाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक रांग असते. उजवा हात, डावा हात आणि पाय या तिघांनी तीन वेगळ्या चाली एकाच वेळी वाजवावयाच्या!

असे हे वाद्य वाजविणारा माणूस खरोखर कुशल आहे की नाही, हे कोणी ठरवावे? चर्चमध्ये वादकाची नेमणूक करणाऱ्या मंडळींना संगीत कळत असेलच असे नाही. लंडनच्या कॉर्नहिल भागातील सेंट मायकेल चर्चचे वादक रिचर्ड लिम्पस यांनी यावर उपाय शोधला. वादकांची पारख वादकांनीच करावी, या हेतूने त्यांनी १८६४ साली एक संस्था काढली. १८६६ पासून ती परीक्षा घेऊ लागली. १८९३ साली तिला राजसनद मिळाली. तीच आजची 'रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स' होय. 'असोसिएट' आणि त्याहून कठीण 'फेलो' या तिच्या पदव्यांना वादकांत मोठा मान आहे.

या परीक्षेत केवळ पाठ केलेल्या रचना वाजवून भागत नाही. कधीही न पाहिलेली स्वरलिपी समोर ठेवतात. ती तत्काळ वाजवावी लागते. एखादी चाल लिहिली आहे त्याहून वरच्या किंवा खालच्या पट्टीत वाजवून दाखवावी लागते. आपल्याकडे पेटीवाला गायकाला "कोणती पट्टी?" असे विचारून साथीला बसतो, तसेच हे. चर्चमध्ये गाणारे सारेच काही गवई नसतात; चाल फार उंच गेली तर त्यांचे आवाज फाटतात. कधी विधी लांबतो. तेव्हा वादकाने आयत्या वेळी सुचेल ते, पण शोभेल असे, वाजवीत राहावयाचे असते. म्हणून तीही कसोटी घेतात.

संगीताला गुण कसे द्यावयाचे, असे काही जण विचारतात. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माझ्यासारख्यालाही ही शंका अगदीच खोटी वाटत नाही. परंतु वशिल्याने नेमणूक होण्यापेक्षा परीक्षा बरी, हे मी निःशंकपणे सांगेन.

लंडनच्या प्रसिद्ध अल्बर्ट हॉलशेजारच्या सुंदर वास्तूत ही संस्था दीर्घकाळ होती. १९९१ साली तिने ती सोडली. परीक्षा मात्र चालूच आहेत. सतारिया आपली सतार घेऊन परीक्षेस जाईल; ऑर्गनवादकाला ते शक्य नाही. प्रत्येक ऑर्गनची घडण वेगळी, खुंट्यांची मांडणी वेगळी, घुमणारे छतही वेगळे. म्हणून परीक्षेपूर्वी उमेदवाराला त्या परक्या वाद्यावर थोडा वेळ सराव करू देतात. तेवढ्या वेळात त्याने त्या वाद्याशी ओळख करून घ्यावयाची आणि मग परीक्षकांना हाक मारावयाची.