पिवळा खोडकिडा : पतंगाचे रूप व प्रसार

भिवंडी तालुक्यातील अंजूरच्या परिसरात आज गोदामांची दाटी झाली असली, तरी हा मुलूख मूळचा भातशेतीचा. भातशेतीच्या परिभाषेत ‘खोडकिडा’, ‘गाभेमर’ आणि ‘पळिंज’ हे तीन शब्द येतात. पहिला खोड पोखरणाऱ्या अळीचा वाचक; दुसरा कोवळ्या फुटव्याचा गाभा सुकण्याचा; तिसरा दाणा न भरलेल्या लोंबीचा. अळी, गाभेमर आणि खोडकिड्याने पांढरी पडलेली लोंबी ही एकाच जीवाची कार्ये होत. परंतु ज्या पतंगापासून त्यांचा उगम होतो, त्याला या तिन्ही शब्दांत स्थान नाही.

या पतंगाचे शास्त्रीय नाव स्किर्पोफॅगा इन्सर्ट्युलस. वॉकर याने १८६३ मध्ये त्याचे वर्णन केले. मादीचे पुढचे पंख पिवळे असून प्रत्येकावर मधोमध एकच ठळक काळा ठिपका असतो. नर आकाराने लहान व फिकट तपकिरी. त्याचा ठिपका अस्पष्ट असतो. त्यामुळे दोघे भिन्न जातींचे वाटण्याचा संभव असतो. वॉकरनेच त्याच वर्षी या जातीला ‘बायपंक्टिफेरा’, म्हणजे ‘दोन ठिपके धारण करणारी’, असेही नाव दिले होते. ते मादीच्या रूपास तंतोतंत लागू पडते. तथापि आज इन्सर्ट्युलस हेच नाव ग्राह्य आहे.

पाकिस्तान व भारतापासून श्रीलंका, म्यानमार, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, दक्षिण चीन आणि जपानच्या दक्षिण भागापर्यंत ही जात आढळते. अळीची उपजीविका जवळजवळ सर्वस्वी भातावर असल्याने पतंगाचा नकाशा हा आशियातील उष्ण प्रदेशांच्या भातशेतीचाच नकाशा ठरतो.

मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते व तो आपल्या शरीराच्या टोकावरील पिवळसर केसांनी झाकते. सुमारे आठवड्याभरात अळ्या बाहेर पडून खोडात शिरतात. ‘गाभेमर’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा अळी खोडाच्या आत पोहोचलेली असते. म्हणूनच लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडणे, जमिनीलगत कापणी करणे आणि अळ्यांना आसरा देणारी धसकटे काढणे हे उपाय सांगितले जातात. शब्द परिणामाला नाव देतो. उपाय मात्र कारणाच्या ओळखीवर अवलंबून असतो. ती ओळख ठिपक्याच्या पिवळ्या पतंगापासून व्हावयास हवी.