उणे अठराच्या अलीकडे आणि पलीकडे

जेम्स हॅरिसन हा ऑस्ट्रेलियातला पत्रकार आणि हाडाचा यंत्रकार. मांस गोठवून महिनोन्महिने टिकवता येते हे त्याने मेलबर्नमध्ये लोकांसमोर सिद्ध केले आणि १८७३ मध्ये 'नॉरफोक' जहाजावर २० टन गोमांस-मटण चढवून ते लंडनकडे रवाना केले. जहाजावर यंत्र नव्हते, सगळी भिस्त बर्फ आणि मिठाच्या मिश्रणावर होती. वाटेत ते पुरले नाही, माल नासला आणि हॅरिसनचे दिवाळे निघाले. त्यानंतर नऊच वर्षांनी, १५ फेब्रुवारी १८८२ रोजी, 'डनेडिन' हे शिडाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून निघाले. ९८ दिवसांनी ते लंडनला पोहोचले तेव्हा पोटातल्या गोठवलेल्या मांसाच्या जवळजवळ पाच हजार नगांपैकी एकच फेकावा लागला. या दोन सफरींकडे बोट दाखवून गोठवलेल्या अन्नाच्या वाहतुकीचा इतिहास सहसा यंत्राच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती खोटी नाही. पण त्यानंतरची दीडशेएक वर्षे नीट पाहिली, तर थंडी निर्माण करण्याचा प्रश्न पहिल्या काही दशकांतच सुटलेला दिसतो. माल जिथे जिथे बिघडला, माणसे जिथे आजारी पडली, तिथे बहुतेक वेळा कारण थंडीच्या आधीचे निघाले, नंतरचे निघाले, किंवा माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो त्या सांध्यातले निघाले.

'डनेडिन'चीच हकीगत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. निघण्यापूर्वीच शीतयंत्राचा दांडा मोडला आणि आत चढवलेले शेकडो नग उतरवून स्थानिक बाजारात विकावे लागले. पुढे उष्ण कटिबंधात आल्यावर कप्तान जॉन व्हिटसनच्या लक्षात आले की यंत्र चालू असूनही गार हवा मालात खेळत नाही. तो स्वतः हवेच्या मार्गात सरपटत शिरला, करवतीने आणखी भोके पाडली आणि स्वतःच गारठून इतका निपचित पडला की त्याला दोराने ओढून बाहेर काढावे लागले. म्हणजे थंडी होती, ती मालापर्यंत पोहोचत नव्हती. आजच्या रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या, कंटेनरमध्येही खोके छताला टेकेपर्यंत रचले किंवा जमिनीतल्या हवेच्या खाचा बुजवल्या, तर नेमके हेच होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हा माल कत्तलखान्यापासून बंदरापर्यंत गार करून आणला होता आणि गोठवला तो जहाजावरच. जिथे गोठला तिथेच तो लंडनपर्यंत राहिला. मधे धक्का नाही, ट्रक नाही, गोदाम नाही. तो धाडसी प्रयोग साधला, त्यात कमी सांध्यांचा वाटा यंत्राइतकाच होता.

त्याच्या आगेमागचा काळ थोडक्यात सांगता येतो. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जगभर विकत असे. १८३३ मध्ये त्याने कलकत्त्याला १८० टन बर्फ पाठवला, त्यातला सुमारे १०० टन पोहोचला, आणि लवकरच मुंबईच्या साहेबी व पारशी घरांतही अमेरिकन बर्फ पेल्यात पडू लागला. फ्रान्समधून शार्ल तेलिएच्या 'ल फ्रिगोरिफिक' जहाजाने १८७६ मध्ये थंड केलेले मांस ब्युनॉस आयर्सला नेले. पुढच्या वर्षी 'पाराग्वे'ने मांस पार गोठवून उलट दिशेने आणले. १८८० च्या फेब्रुवारीत 'स्ट्रॅथलेव्हन' ४० टन मांस घेऊन ऑस्ट्रेलियातून लंडनला पोहोचली. शतक संपण्याच्या आत हा रोजचा व्यापार झाला. राहिला प्रश्न गोठवण्याच्या वेगाचा, तो क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने सोडवला. लॅब्राडॉरच्या कडाक्यात मासा क्षणात गोठतो आणि शिजवल्यावर ताज्यासारखा लागतो हे त्याने पाहिले होते. सावकाश गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फोडतात, झटपट गोठताना ते बारीक राहतात. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधील दुकानांत त्याची पाकिटे आली. सुमारे दहा वर्षांनी फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्सला ट्रकवर बसणाऱ्या शीतयंत्राचे पेटंट मिळाले आणि थंडी रस्त्यावर उतरली.

उणे १८ अंश सेल्सियस हा आकडा आज प्रत्येक पाकिटावर असतो. तो आला फॅरनहाइटच्या शून्यावरून. तो पूर्णांक होता, सोयीचा होता. कॅलिफोर्नियातील अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या. कोणता पदार्थ कोणत्या तापमानाला किती दिवस चांगला राहतो, याची कोष्टके बनली आणि शून्य फॅरनहाइटला शास्त्राचा आधार मिळाला. ही कोष्टके मुख्यतः रंग, चव आणि पोत यांची होती, हे मात्र विसरले जाते. जंतूंची वाढ उणे दहा-बाराच्या आसपासच थांबते. त्यामुळे ट्रकमधला माल उणे १८ वरून उणे १३ वर आला तर मटार करडे पडतील, आइस्क्रीम रवाळ होईल, पण त्याने कुणी आजारी पडणार नाही. चव आणि सुरक्षितता या दोन हिशेबांची सरमिसळ झाली की आकडा पाळला म्हणजे अन्न सुरक्षित, असा सोपा समज रुजतो. युरोपच्या १९८९ च्या निर्देशात उणे १८ ची अट आहे आणि वाहतुकीत अल्पकाळ तीन अंशांपर्यंत चढ चालेल अशी मुभाही आहे. ही मुभा शेवटी पुन्हा आठवावी लागणार आहे.

गोठवल्याने जंतू मरतात, हा त्याच समजाचा भाऊ. काही परजीवी मरतात, हे खरे. कच्चा खायचा मासा उणे २० ला आठवडाभर ठेवायचा असतो तो त्यासाठीच. जिवाणू आणि विषाणू मात्र बव्हंशी झोपतात. २०१२ च्या शरद ऋतूत पूर्व जर्मनीतील शाळा आणि पाळणाघरांत सुमारे ११ हजार जण, बहुतेक मुलेच, उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. कारण निघाले चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतला नोरोव्हायरस. फळे पुरेशी शिजवली न जाताच ताटात आली होती. २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांतून लिस्टेरियाची लागण युरोपातील पाच देशांत पसरली, ४७ रुग्ण सापडले आणि ९ दगावले. यांपैकी एकाही प्रकरणाचे खापर वाहतुकीतल्या थंडीवर फुटले नाही. घाण गोठण्याआधी शिरली होती. थंडीने ती जशीच्या तशी जपली आणि खंडभर पोहोचवली.

आपल्या किनाऱ्यावर हे अधिक लख्ख दिसते. कोचीहून १९५३ मध्ये गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली आणि पाहता पाहता तिने देशाच्या मासळी निर्यातीत पहिला क्रमांक पटकावला. १९७२ मध्ये समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. कारखाने वाढले, तळोजासारख्या औद्योगिक वसाहतींत मासळीवर प्रक्रिया होऊ लागली, १९८९ मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरची सोय उंबरठ्यावर आली. आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीची आयात थांबवली. उणे अठराची शिस्त चुकली म्हणून हे झाले नव्हते. तपासनिसांना दोष दिसले ते प्रक्रियेतल्या स्वच्छतेत, म्हणजे गोठण्याच्या आधीच्या टप्प्यात. वर्षअखेर निकषाला उतरलेल्या कारखान्यांनाच दार उघडले. त्याच डिसेंबरात अमेरिकेनेही सागरी अन्नाला 'हॅसप' पद्धत सक्तीची केली. अंतराळवीरांच्या जेवणासाठी १९६० च्या दशकात आखलेली ही पद्धत शेवटचा माल तपासत बसत नाही. धोका कोणत्या टप्प्यावर शिरू शकतो ते आधी हेरते आणि तिथेच पहारा बसवते. माझ्या मते गोठवलेल्या अन्नाच्या इतिहासातला बर्ड्‌सआयनंतरचा सर्वांत मोठा शोध हाच, आणि तो यंत्राचा नाही.

बांगडा, तारली, सुरमई, ट्यूना हे मासे या बाबतीत फार कठोर परीक्षक आहेत. बोटीवर किंवा धक्क्यावर ते काही तास उन्हात राहिले, की मांसात हिस्टामिन तयार होते. एकदा झालेले हिस्टामिन गोठवून जात नाही, तळूनही जात नाही. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला टोपलीतल्या बांगड्यावर फोडलेला बर्फ वेळेत पडला की नाही, यावर हजारो मैलांवरच्या ताटातली सुरक्षितता ठरते, आणि पुढचा कितीही महागडा कंटेनर तो चुकलेला तास भरून काढू शकत नाही. बर्फाची ती लादी हाच साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. पैसा मात्र दुसरीकडे गेला. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या २०१५ च्या अभ्यासात, मुख्यतः फळे-भाज्यांच्या संदर्भात, देशात ३४१ लाख टनांच्या गरजेपुढे ३१८ लाख टनांची शीतगोदामे असल्याचे दिसले. म्हणजे भिंती जवळजवळ पुऱ्या झाल्या होत्या. पण शीतवाहने लागत होती सुमारे ६२ हजार आणि होती ९ हजार. शेताजवळची पॅक-हाउस हवी होती ७० हजार, होती अवघी २४९. गोदामाला अनुदान मिळते, उद्‌घाटनाची फीत कापता येते. सांध्याचा फोटो निघत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो उपकरणांचा. पूर्वी रीफरच्या तोंडाशी गोल कागदावर सुई तापमान रेखत असे, आता डेटा लॉगर दर काही मिनिटांनी नोंद करतो आणि ती उपग्रहामार्फत कचेरीत पोहोचते. मग सांधा अंधारात राहिलाच कुठे? उपकरणांचा उपयोग मोठा आहे, यात वाद नाही. पण लॉगर बहुधा हवा मोजतो, खोक्याच्या गाभ्यातला मासा नव्हे. शिवाय रीफर कंटेनर थंडी राखण्यासाठी बांधलेला असतो, गोठवण्यासाठी नाही. एक किलो पाणी २५ अंशांवरून शून्यावर आणायला २५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते आणि तेच शून्यावरच गोठवायला आणखी ८०. अर्धवट विरघळलेला माल आत भरला तर हवेचा आकडा तासाभरात सुंदर दिसू लागतो आणि गाभा कितीतरी दिवस मऊच राहतो. आणि नोंद म्हणजे निर्णय नव्हे. ज्याला डिझेलचा खर्च स्वतः सोसायचा आहे त्याला यंत्र काही तास बंद ठेवण्याचा मोह होणारच, आणि माल उतरवून घेणाऱ्याला तो नाकारण्याचा अधिकार नसेल तर आलेख कितीही बोलका असो, तो फक्त नंतरच्या दाव्यात कामाला येतो.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे कंटेनरवाल्यांचे दुखणे, घरगुती पार्सलला त्याचे काय? पुरणपोळ्या, मोदक, खोवलेला नारळ, सोललेली कोळंबी आता थर्माकोलच्या खोक्यांतून दारोदार जातात. मला तर वाटते, पार्सलमध्ये सांधे सर्वांत जास्त असतात आणि पहारा सर्वांत कमी. त्यात एक साधी चूक वारंवार होते. साधा बर्फ किंवा पाण्याच्या जेलची पिशवी शून्याला वितळते, आणि मासा किंवा मटार उणे एक-दोनलाच सुटू लागतात. म्हणजे बर्फात ठेवलेला गोठलेला मासा गोठलेला राहत नाही, तो नुसता थंड राहतो. गोठलेला ठेवायचा तर शून्याच्या पुष्कळ खाली वितळणारे काही हवे. हॅरिसनचे बर्फ-मीठ उणे २१ पर्यंत जाऊ शकत होते, त्याचे रसायन बरोबरच होते, चुकला तो पुरवठ्याचा हिशेब. आज ते काम ड्राय आइस करतो, उणे ७८.५ अंशांवर. पण तो पाणी न होता थेट वायू होतो, किलोमागे अर्धा घनमीटर. खोके हवाबंद केले तर फुटते, आणि वायू बंद गाडीत साठला तर माणूस गुदमरतो. विमान कंपन्या तो धोकादायक माल मानतात आणि प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच नेऊ देतात, ते याचसाठी.

सांधा किती नाजूक असतो ते २०२० च्या फेब्रुवारीत साऱ्या जगाने पाहिले. करोनामुळे चीनमध्ये ट्रकचालक घरी अडकले, कंटेनर बंदरातून हलेनात, आणि शांघाय व तियानजिनच्या धक्क्यांवर रीफरला लावायला विजेचे प्लग उरले नाहीत. जहाजे चोख होती, यंत्रे चोख होती, मांस आणि मासे उत्तम गोठलेले होते, आणि तरी माल दुसऱ्या बंदरांकडे वळवावा लागला. अडले ते भिंतीतल्या प्लगवर.

आता नवा प्रस्ताव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत काही वाहतूक कंपन्या आणि संशोधकांनी उणे १८ ऐवजी उणे १५ पुरे, असे मांडले. यातून वर्षाला १ कोटी ७७ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असा त्यांचा अंदाज आहे. उणे १८ हा आकडा मुळात चवीचा आणि सोयीचा होता हे पाहता त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. उणे १५ लाही जंतू तितकेच निद्रिस्त असतात. पण युरोपच्या निर्देशातली मुभाही तीनच अंशांची आहे. धक्क्यावर दार उघडे राहिलेली वीस मिनिटे, ट्रक बदलतानाचा उशीर, मे महिन्यातले न्हावा शेवाचे ऊन, हे सगळे आजवर त्या तीन अंशांत खपून जात होते. जहाजावर जे तीन अंश वाचवायचे म्हणतात ते हेच आहेत, आणि ते आधीच धक्क्यावर खर्च झालेले असतात.