खातं उघडण्याआधीचा महाराष्ट्र

७ ऑक्टोबर २०२५ला गहुंजेच्या मैदानावर पृथ्वी शॉ आणि अर्शिन कुलकर्णी यांनी मुंबईविरुद्ध सलामीला ३०५ धावा जोडल्या. शॉच्या १८१, अर्शिनच्या १८६. सामना सरावाचा होता. त्याला गुण नव्हते, आणि त्यातल्या धावा कुणाच्याही प्रथमश्रेणी खात्यावर जमा होणार नव्हत्या. बाद होऊन परतताना शॉची मुंबईच्या खेळाडूंशी बाचाबाची झाली. बातम्यांत तीच जास्त गाजली. पण आम्हा महाराष्ट्र संघाच्या चाहत्यांना ३०५ हा आकडा पुरेसा होता. समोर मुंबई, आणि सलामीला तीनशे! मराठवाड्यातल्या सिल्लोडच्या चहाच्या टपरीवर बसून आम्ही रणजी करंडक जवळजवळ पुण्याला आणून ठेवला होता.

आठच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, तिरुवनंतपुरममध्ये केरळविरुद्ध खरा मोसम सुरू झाला. शॉ शून्य. अर्शिन शून्य. सिद्धेश वीर शून्य. फलकावर एकही धाव नसताना तीन गडी तंबूत. मग कर्णधार अंकित बावणेही शून्यावर गेला, आणि थोड्याच वेळात अवस्था झाली ५ बाद १८. पुढे ऋतुराज गायकवाडने ९१ आणि जलज सक्सेनाने ४९ धावा केल्या म्हणून २३९पर्यंत मजल गेली. गंमत म्हणजे पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध शॉने १४१ चेंडूंत द्विशतक ठोकलं आणि २२२वर थांबला. रणजीच्या इतिहासातल्या सगळ्यात वेगवान द्विशतकांत त्याची गणना होते.

मग गहुंजेच्या त्या दिवसाचं करायचं काय? बाजारात तुरी म्हणून सोडून द्यायचा, की त्यातून काही वाचता येतं?

सरावाच्या सामन्यात गोलंदाज बळी घेण्यासाठी धावत येतोच असं नाही. कुणी दुखापतीतून उठलेला असतो, त्याला फक्त पंधरा षटकं अंग मोकळं करायचं असतं. कुणी नवा चेंडू आत आणायला शिकत असतो आणि त्या नादात चार चौकार खातो. कर्णधार सगळ्यांच्या हातात चेंडू देतो, कारण सगळ्यांना बघायचं असतं. फलंदाजाचा जम बसला, की दुसऱ्याला संधी मिळावी म्हणून त्याला मागे बोलावतात. थोडक्यात, तिथे जिंकण्याची भूक नसते आणि भुकेशिवायची आकडेवारी ही फुगलेली असते. केरळच्या निधीश आणि बासिल या गोलंदाजांना १५ तारखेला सकाळी भूक होती.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बेसबॉलचा मोसम सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तीसच्या तीस व्यावसायिक संघ उबेच्या प्रदेशात जातात. पंधरा संघ फ्लोरिडात, पंधरा अॅरिझोनात. महिनाभर तिथे सराव आणि सरावाचे सामने चालतात. करार पक्का नसलेल्या पोरांनाही शिबिराचं बोलावणं जातं. सत्तरीच्या, ऐंशीच्या घरातले नंबर पाठीवर असलेली ही अनोळखी पोरं दुपारी उशिरा मैदानात उतरतात आणि चाहते वहीत त्यांची नावं टिपतात. शेवटी सव्वीस जणांची यादी लागते आणि बाकीचे खालच्या साखळ्यांत परततात. मार्चमध्ये ज्याच्यावर सगळे फिदा असतात, तो मे महिन्यात कुठे असतो हे शोधावं लागतं. तरी पुढच्या फेब्रुवारीत तेच चाहते तिकीट काढून हजर! महाराष्ट्राच्या चाहत्याला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. आपला फ्लोरिडा जूनमध्ये गहुंज्याला महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या रूपाने सुरू होतो, ऑगस्टमध्ये चेन्नईच्या बुचीबाबू स्पर्धेला जातो आणि ऑक्टोबरच्या सराव सामन्यांपाशी संपतो.

सिल्लोडहून हे सगळं पाहण्याची एक वेगळी रीत आहे. आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ खेळतात. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेला सगळा मुलूख महाराष्ट्राच्या नावाखाली. मराठवाडा या उरलेल्यांत येतो. संघाचं घर पुण्यात, गहुंजे तर पुण्याच्याही पलीकडे. त्यामुळे संभाव्य खेळाडूंची यादी आली, की इथला माणूस आधी गावं शोधतो. पैठणचा कोण, बीडचा कोण, जालन्याचा कोण. धावा नंतर.

ही सवय काही उगाच लागलेली नाही. डिसेंबर २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध भारताच्या तीन खेळाडूंनी कसोटी पदार्पण केलं. टिनू योहानन केरळचा. उरलेले दोघे इकबाल सिद्दीकी आणि संजय बांगर. सिद्दीकीचा जन्म औरंगाबादचा, बांगरचा बीडचा. दुसऱ्या डावात जिंकायला अवघ्या पाच धावा हव्या होत्या, तेव्हा गोलंदाज असलेल्या सिद्दीकीला सलामीला पाठवलं आणि त्याने त्या धावा काढून टाकल्या. ती त्याची एकमेव कसोटी ठरली. बांगरचं प्रथमश्रेणी क्रिकेट महाराष्ट्राकडून झालंच नाही. तो रेल्वेकडून खेळला, रेल्वेने रणजी जिंकली तेव्हाही तो त्या संघात होता. आपल्या मातीतला माणूस दुसऱ्याच्या जर्सीत करंडक उचलतो, हे इथल्या चाहत्याने तेव्हापासून पचवलेलं आहे. महाराष्ट्राने मात्र रणजी शेवटची जिंकली ती १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. तेव्हा आमचा हा भाग निजामाच्या राज्यात होता, म्हणजे त्या विजयातही आमचा वाटा नाही!

आता होतकरूंकडे येऊ. आमच्या बाजूला कापूस पिकतो, त्यामुळे पातेगळ काय असते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. झाडावर पाती दिसली म्हणून कुणी क्विंटलचा हिशेब मांडत नाही. निम्मी गळणार हे धरूनच चालायचं. पण विजय झोलच्या वेळी आम्ही मांडला होता.

झोल जालन्याचा. सिल्लोडहून भोकरदनमार्गे गेलं की जालना. डिसेंबर २०११मध्ये कूचबिहार करंडकात त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. एकोणीस वर्षांखालच्या पोराच्या नावापुढे साडेचारशे! २०१२मध्ये ऑस्ट्रेलियात युवा विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात तो होता आणि २०१४च्या युवा विश्वचषकात तर कर्णधार. त्या संघात त्याच्या हाताखाली कोण खेळत होतं ते पाहा: संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान. रणजीतली सुरुवातही त्याने द्विशतकाने केली होती. जानेवारी २०१४ला वानखेडेवर उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईने अडीचशेच्या वर लक्ष्य दिलं, तेव्हा केदार जाधवच्या शतकाला झोलच्या नाबाद ९१ची जोड मिळाली आणि मुंबई घरच्या मैदानावर हरली. महाराष्ट्र त्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत गेला, हैदराबादला कर्नाटककडून हरला. केदारने त्या मोसमात बाराशेवर धावा केल्या आणि पुढे भारताकडून खेळला. झोल मात्र पुढच्या काही मोसमांत मागे पडत गेला. नेमकं काय झालं, हे बाहेरून बोलणाऱ्याने बोलू नये. एवढंच म्हणेन की वयोगटाच्या क्रिकेटमध्ये ४५१ करणं आणि तिशीतल्या, घर चालवण्यासाठी गोलंदाजी करणाऱ्या रणजीच्या गोलंदाजासमोर सलग दहा मोसम टिकणं, या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

दुसरी परीक्षा ज्याने दिली तो अंकित बावणे. पैठणचा. शाळकरी वयात, २००७-०८च्या मोसमात, तो महाराष्ट्राकडून पहिला सामना खेळला. २०१६च्या ऑक्टोबरात वानखेडेवर दिल्लीविरुद्ध त्याने आणि स्वप्नील गुगळेने तिसऱ्या गड्यासाठी नाबाद ५९४ धावांची भागीदारी केली. गुगळे ३५१, बावणे २५८. जगाच्या प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये याहून मोठी भागीदारी तेव्हा एकच होती, जयवर्धने-संगकाराची ६२४. त्याच सामन्यात दिल्लीच्या ऋषभ पंतने त्रिशतक केलं. पंत पुढच्या वर्षी भारताकडून खेळला, बावणेला भारताच्या मुख्य संघाची टोपी मिळाली नाही. पण २०२५-२६ला रणजी संघाचा कर्णधार तोच होता. त्याच्यावर कुणी रील बनवत नाही. माझ्या हिशेबात मराठवाड्याने महाराष्ट्राला दिलेला सगळ्यात भरवशाचा फलंदाज मात्र तोच.

आजची नावं घ्यायची तर दोन आधी येतात. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आणि बीडचा सचिन धस. (अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुखही आहे. 'काय पो छे' सिनेमातला फलंदाज पोरगा अली म्हणजे तो. मोठेपणी तो खरोखरच महाराष्ट्राकडून रणजी खेळला.) हंगरगेकर २०२२च्या युवा विश्वचषकातून पुढे आला, चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं, आणि आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३मध्ये सुरू झाली तेव्हा छत्रपती संभाजी किंग्जचा मुख्य चेहरा तोच होता. आमच्याकडे त्या संघाला 'आपला संघ' म्हणायचे, जरी सगळे सामने गहुंज्यालाच होत असले तरी. धसची गोष्ट ६ फेब्रुवारी २०२४ची. बेनोनीला युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेसमोर भारताचे ३२ धावांत ४ गडी गेले होते. धसने ९५ चेंडूंत ९६ केल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडल्या आणि सामना काढून दिला. अर्शिनही त्याच संघात होता. सोलापूरच्या अर्शिनने त्याआधी, २०२३च्या लीगमध्ये, ५४ चेंडूंत ११७ धावा काढताना १३ षटकार मारले होते. म्हणजे गहुंज्याला मोठी खेळी करण्याची त्याला सवयच आहे.

आता सराव सामना बघायचा कसा? माझ्या मते धावा शेवटी बघाव्यात. आधी बघावं की कोण कुठल्या क्रमांकावर येतंय. २०२५च्या ऑगस्टमध्ये बुचीबाबूत शॉने महाराष्ट्राकडून पहिल्याच सामन्यात छत्तीसगडविरुद्ध १११ धावा केल्या. चाहत्यांनी शतक पाहिलं. मी पाहिलं ते हे, की तो सलामीला आला आणि त्या स्पर्धेपासून महाराष्ट्राची एक जागा भरली. ऋतुराजसारखा सलामीचा मोहरा मग मधल्या फळीत उतरला. तिथे बावणे, सिद्धेश वीर आधीच होते, खाली यष्टिरक्षक सौरभ नवले आणि अष्टपैलू जलज सक्सेना. मधल्या फळीत खेळणाऱ्या विशीतल्या पोराने अशा वेळी शिरायचं कुठून? हा प्रश्न गहुंजेच्या ३०५मध्ये दिसत नाही, फलंदाजीच्या क्रमात दिसतो.

गोलंदाजांच्या बाबतीत नवा चेंडू कोण टाकतं यापेक्षा ऐंशी षटकांनंतरचा दुसरा नवा चेंडू कुणाला मिळतो हे बघावं. दिवसभर क्षेत्ररक्षण करून, पाय जड झालेले असताना कर्णधार ज्याला बोलावतो, त्याच्यावर त्याचा खरा विश्वास. आणि तिसरी गोष्ट, धावफलकावर न दिसणारी: स्लिपमध्ये कोण उभा आहे. होतकरू पोराला तिथे उभं केलं, की समजावं त्याचा मोसमभराचा विचार चालू आहे.

बाहेरून आलेल्यांवरून आमच्याकडे कडाक्याचे वाद होतात. शॉ मुंबईचा. सक्सेना मध्य प्रदेशचा, मग केरळचा. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी दोन्ही गाठणारा पहिला खेळाडू. रजनीश गुरबानी विदर्भाचा, २०१७-१८च्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेऊन विदर्भाला पहिला करंडक मिळवून देणारा. तिघांच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. सक्सेना आणि गुरबानी यांच्याबद्दल मी तक्रार करणार नाही. सक्सेनासारखा माणूस शेजारी असला, की तरुण फिरकी गोलंदाज वर्षभरात जे शिकतो ते शिबिरात शिकवून येत नाही. शॉबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. २२२ करणाऱ्या फलंदाजाला नको म्हणणारा चाहता मूर्ख. पण पंचवीस-सव्विसाव्या वर्षी तो इथे आला आहे तो स्वतःची गाडी रुळावर आणायला. ती रुळावर आली, की त्याची नजर महाराष्ट्राच्या पुढे, भारताच्या संघाकडे असणार आणि असायलाच हवी. तोवर त्याच्या जागेमागे रांग उभी राहील.

सिल्लोडच्या पोराला ही रांग आणखी लांब आहे. इथे रान मोकळं झालं की टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, आणि त्यात लांब फटका मारणारी पोरं कमी नाहीत. लेदर बॉलवर, चांगल्या खेळपट्टीवर रोज सराव करायचा तर साठ-पासष्ट किलोमीटरवरचं संभाजीनगर गाठावं लागतं. तिथून जिल्ह्याचा संघ, मग निमंत्रितांचे सामने, मग संभाव्यांची यादी, मग शिबिर. टेनिस बॉलवर आडव्या बॅटने मारलेला षटकार पहिल्याच पायरीवर अंगाशी येतो, कारण लेदर बॉल उसळतो आणि उशिरा हलतो. बावणे आणि धस यांची नावं आम्ही एवढी जपून ठेवतो ती यामुळेच. पैठण आणि बीडही पुण्यापासून लांबच.

पुढच्या ऑगस्टमध्ये बुचीबाबूची संघयादी लागेल तेव्हा मला हवं आहे ते सांगून ठेवतो. धसला चौथ्या क्रमांकावर सलग तीन सामने द्यावेत, पहिल्या दोन्हींत तो शून्यावर गेला तरी. अर्शिनकडून दिवसाला दहा षटकं गोलंदाजी करून घ्यावी, कारण तो नुसता सलामीवीर राहिला तर त्याची निम्मी किंमत वाया जाते. हंगरगेकरला वीस-वीस षटकांच्या खेळातून काढून चार दिवसांच्या सामन्यात जुन्या चेंडूवर राबवावं. आणि सलामीला कुणी पुन्हा तीनशे धावा जोडल्याच, तर तो सामना कुणाविरुद्ध आहे हे मी तेव्हा आधी विचारणार नाही. समोरच्या संघाच्या पहिल्या दोन गोलंदाजांनी किती षटकं टाकली, एवढंच विचारीन.