उंचावरील काम आणि कामगारांची सुरक्षितता

ग्वाल्हेर येथील महाराज बाड्यावर १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्वातंत्र्यदिनाची पूर्वतयारी चालू होती. टपाल कार्यालयाच्या जुन्या इमारतीवर ध्वजासंबंधीचे काम चालू असता, माणसांना उंच नेणाऱ्या यंत्राचा भाग तुटला आणि तिघांना प्राण गमवावे लागले. राष्ट्रीय सणाच्या आदल्या दिवशी तीन घरांवर शोककळा पसरली.

इमारती, पूल व पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या मजुरांवर असे संकट नित्य घोंघावत असते. उंचावरून पडणे, चर ढासळणे, विजेचा धक्का बसणे आणि वरून वस्तू अंगावर पडणे ही अपघातांची प्रमुख कारणे होत. ५ मीटर उंचीवरून पडणारा माणूस सुमारे एका सेकंदात जमिनीवर आदळतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. सावरण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून परांचीला कठडा, डोक्यावर शिरस्त्राण आणि भक्कम आधाराला अडकविलेला सुरक्षा-पट्टा ही व्यवस्था काम सुरू होण्यापूर्वीच असावयास हवी. माणसांना उचलणाऱ्या यंत्रांचीही वेळोवेळी तपासणी व्हावयास हवी.

साधने देऊनही कामगार ती वापरीत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. परंतु त्यास केवळ निष्काळजी ठरविल्याने प्रश्न सुटत नाही. उन्हात शिरस्त्राण तापते, पट्टा अंगास नीट बसत नाही, तो अडकविण्यास जागा नसते आणि मुकादम कामाची घाई करतो. पट्टा बांधणारा भित्रा, असाही एक समज असतो. दंडापेक्षा येथे उदाहरण अधिक परिणामकारक ठरते. अभियंता व मुकादम स्वतः शिरस्त्राण घालू लागले, रोज सकाळी त्या दिवसाचे धोके कामगारांच्या भाषेत सांगितले गेले आणि सैल फळी दाखवून देणाऱ्याची वाखाणणी झाली, तर सुरक्षितता अंगवळणी पडते.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तो दिवस १९७२ पासून राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मात्र एका दिवसाची प्रतिज्ञा वर्षभर पुरत नाही.

बांधकामावर जाणारे बहुतेक मजूर खेड्यांतून येतात. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारास कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. गाव सोडण्यापूर्वीच शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी त्यास ही माहिती द्यावी. काम मिळविण्याइतकेच, कामावरून सुखरूप घरी परतणेही महत्त्वाचे आहे.