गरम वाफ, गार पाणी आणि आपलं शरीर

मुलं हल्ली मोबाईलवर बघतात: आधी सॉनामध्ये घाम गाळायचा, मग बर्फाच्या पाण्यात उडी! आपल्याला हे अगदीच नवं नाही. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, सहल नेली की जरूर दाखवा.

उष्णतेने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी जलद होते. गार पाण्यात त्या एकदम आकसतात नि रक्तदाब चढतो. म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. फिनलंडमधल्या 2,315 पुरुषांच्या अभ्यासात (2015) आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू कमी दिसले. पण ते सॉनामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. व्यायामानंतरचं अंग दुखणं गार पाण्याने कमी होतं, एवढं मात्र बऱ्यापैकी पक्कं.

खरी काळजी विहिरीची. मे महिन्यात उन्हात तापलेली पोरं थेट उडी मारतात. पाणी गार असलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. आधी पायऱ्यांवर बसून हातपाय, तोंड, छाती भिजवायची, मग हळूहळू उतरायचं. आणि काठावर पोहता येणारं मोठं माणूस हवंच.