इंजिन ऑइल कधी बदलावं? तास मोजून ठरवा

सकाळी वसई रोड स्टेशनकडून गोखिवऱ्याकडे निघालेली गाडी बघा. अंतर काही किलोमीटरचं, पण वाटेत रिक्षा, कंपन्यांच्या बस, मालाचे टेम्पो आणि औद्योगिक वसाहतीत वळणारे ट्रेलर. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. मीटरवर चार किलोमीटर चढतात, इंजिन मात्र अर्धा तास चाललेलं असतं. ऑइल कधी बदलायचं, याचं उत्तर ठरवताना हा अर्धा तास हिशेबात धरायलाच हवा.

आजच्या बऱ्याचशा पेट्रोल गाड्यांसाठी कंपन्या ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं सांगतात. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने धावणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला सुमारे १६७ तास लागतात. वसई फाटा, घोडबंदर अशा कोंडीत सरासरी १५ वर आली, तर तेवढ्याच अंतराला ६६७ तास. म्हणजे मीटरवर आकडा तोच, पण इंजिन चौपट वेळ चाललेलं. म्हणूनच अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता दिलेला असतो. कमी अंतराच्या फेऱ्या, सततची कोंडी, धुळीचा रस्ता, उभ्या गाडीत चालू इंजिन हे सगळं त्यात मोडतं. बहुतेक मालक ते पान उघडतच नाहीत.

कमी अंतराची फेरी तेलाला का बाधते? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतांश वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते आणि थंड इंजिनात तिचं पाणी होतं. इंजिन नीट तापून काही वेळ चाललं, तर ते पाणी उडून जातं. स्टेशनपर्यंत जाऊन गाडी बंद केली, तर ते तेलातच राहतं. त्यात ज्वलनातली आम्लं मिसळतात. त्यांचा मारा सोसण्यासाठी तेलात जी रसायनं घातलेली असतात, ती हळूहळू खर्ची पडतात आणि मग धातू झिजू लागतो. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण जास्त असल्याने पाणीही जास्त तयार होतं. त्यामुळे सीएनजीवर फक्त आखूड फेऱ्या करणाऱ्यांनी अधिकच जपावं.

‘ऑइल काळं पडलं, बदलून टाका,’ असं गॅरेजात सर्रास ऐकू येतं. रंगावर विसंबू नका. डिझेल गाडीचं तेल काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी पकडून धरणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर काजळी फारशी होत नाही, म्हणून दमलेलं तेलही सोनेरी दिसतं. डोळ्यांनी तपासायचीच असेल तर पातळी तपासा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मगच वाचा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरल्याची शक्यता मोठी. तशी गाडी चालवू नका. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचे रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीला चुकूनही स्टार्टर मारू नये. टो करून गॅरेजात न्यावी आणि आधी तेल उतरवून बघावं.

मग दर दोन-तीन हजारांवर तेल बदलत राहावं का? तेही नको. खनिज तेलाच्या काळातली घाई आजच्या सिंथेटिक तेलाला लावून पैसे वाया जातात. शिवाय दर बदलीमागे छोट्या गाडीतूनही तीन-चार लिटर वापरलेलं तेल निघतं. कायद्याने तो घातक कचरा आहे. गटारात ओतलेलं तेल शेवटी विहिरींत आणि खाडीत पोचतं. चेंबरचा नट खोलल्यावर ते डब्यात धरलं जातं का, आणि तो डबा पुढे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जातो का, हे मेकॅनिकला जरूर विचारा.

मग तेल नेमकं कधी बदलावं? गाडी वसई-गोखिवरे-नालासोपारा एवढ्यातच फिरत असेल, तर ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने. निम्मा वापर महामार्गावरचा असेल, तर साधारण ७,५००. लांबच्याच फेऱ्या असतील, तर कंपनीने सांगितलेला पूर्ण पल्ला. तुमच्या पुस्तिकेतला खडतर वापराचा आकडा याहून कमी असेल, तर तोच पाळा. ग्रेड पुस्तिकेत छापलेलीच घ्या, फिल्टर दर वेळी नवा बसवा आणि वॉरंटी असेपर्यंत प्रत्येक बिल जपून ठेवा. वर्षभर गाडी फारशी हलली नसली, तरी एका वर्षापुढे तेच तेल ठेवू नका.